नऊ जागा, अठरा माणसं

लालबागेत आज गुणाजी घाडी कोण असं विचाराल, तर दहातले नऊ जण तुमच्याच तोंडाकडे बघत राहतील. पण दहावा सत्तरीच्या पुढचा आणि राजापूरकडचा निघाला, तर हातातला चहा खाली ठेवून म्हणेल, "आमचो कारभारी!" मग तुमची सुटका नाही. तासभर तरी ऐकावं लागेल.

कारभारी म्हणजे कुठल्या संस्थानाचा नव्हे हो. एका खोलीचा. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर गावच्या मंडळाची खोली होती, दहा बाय पंधरा. गावातून मुंबईला आलेला माणूस पहिल्यांदा तिथे ट्रंक टेकवायचा, मग गिरणीचं दार बघायचा. गुणाजी साचेखात्यात विणकर. उंचीने बेताचा, अंगाने किडकिडीत, पण आवाज असा की गॅलरीच्या दुसऱ्या टोकाचं मूल झोपेतून उठावं. त्यात त्याचा दोष नव्हता. शंभर मागांच्या खडखडाटात वीस वर्षं बोलणाऱ्याला हळू बोलायचं कसं हेच आठवत नाही. घरातलं गुपितसुद्धा तो ओरडूनच सांगायचा.

खोलीत जागा नऊ. चार-चार वळकट्यांच्या दोन रांगा, आणि नववी दाराशी आडवी. ती गुणाजीची. कारभाऱ्याने चांगली जागा घ्यायची नाही, हे त्याचं त्यानेच ठरवलेलं. माणसं मात्र अठरा. आता बोला! पण बोलायला काही नव्हतंच, कारण नऊ जण दिवसपाळीचे आणि नऊ रातपाळीचे. हे कामावर निघाले की ते येऊन त्याच उबेत आडवे व्हायचे. दुपारपाळीचा माणूस खोलीत घ्यायचा नाही हा मंडळाचा जुना नियम, कारण तो कोणाच्याच झोपेत बसत नाही. अशी तीस वर्षं गेली. खोली लहान आहे असं कोणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

ब्याऐंशीच्या जानेवारीत संप झाला आणि पहिल्याच रात्री सगळ्यांच्या लक्षात आलं की खोली लहान आहे. अठराच्या अठरा एका वेळी घरी!

गुणाजीने सगळ्यांना बसवून न्याय केला. प्रत्येक जागेचे दोन भाग. माणशी पंधरा इंच. कोणी मोठा नाही, कोणी धाकटा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि त्या न्यायाने पुढचे पंधरा दिवस सगळ्यांचं कंबरडं मोडलं. पंधरा इंचांत माणूस उताणा मावत नाही, कुशीवरच मावतो. एकाने कूस बदलली की रांगेने बदलायला हवी. म्हणून नानांनी, म्हणजे खोलीतल्या सर्वांत वडील माणसाने, हुकूम द्यायला सुरुवात केली. ते "कूऽऽस!" असं ओरडले की अठरा माणसं एकदम वळायची. शेजारच्या खोलीतल्या कांताबाईंनी सकाळी गॅलरीत तोंडाला पदर लावून विचारलं, "काय भावोजी, रात्री कवायत असते वाटतं तुमच्यात?" गुणाजी लाजला. पण लाजून जागा वाढत नाही.

त्यातून रातपाळीच्या नऊ जणांचं दुखणं वेगळंच. ज्याने पंधरा-वीस वर्षं रात्र जागून काढली, त्याला रात्री झोप येईल कशी? ते आपले पंधरा इंच अडवून टक्क डोळ्यांनी आढ्याकडे बघत पडायचे, बिड्या ओढायचे, उसासे टाकायचे, आणि शेजारच्याची झोप खराब करायचे. सकाळी सहाला, आता दिवसा झोपणारं कोणी नाही म्हणून, सगळ्या वळकट्या गुंडाळून भिंतीला लागायच्या. मग हे नऊ जण दिवसभर पेंगत. सभेत पेंगत, मोर्च्यात चालता चालता पेंगत. रघु नावाचा त्यांच्यातला एकजण तर भोईवाड्याच्या देवळात आरतीला उभ्या उभ्या झोपला आणि घंटेवर जाऊन आपटला.

तुम्ही म्हणाल, मग झोपायचं ना दिवसा! खोली मोकळीच तर होती. अहो, तेच तर! एकदा रघुने भर दुपारी वळकटी सोडली. कांताबाई दारावरून जाता जाता सहज म्हणाल्या, "गिरणी बंद, पण भावोजींची झोप चालू." झालं. रघुने त्या दिवसापासून वळकटीला हात लावला नाही. काम करून आलेला माणूस दिवसा झोपला तर ती मेहनतीची झोप. काम नसलेला झोपला तर तो ऐदी. ही लाज खोलीतल्या अठराही जणांच्या हाडात मुरलेली, गुणाजीच्याही. तेव्हा त्याला त्यात काही वावगंसुद्धा वाटलं नाही.

फेब्रुवारी उजाडला आणि भांडणं सुरू झाली. कोणाचा गुडघा कोणाच्या पोटात, कोणाची ट्रंक कोणाच्या डोक्याशी. एका संध्याकाळी नानांनी सगळ्यांना बसवलं.

"गुणाजी, ह्या असा चालाचा नाय," ते म्हणाले. "जागा नऊ आसत. नऊ जणांनी गावाक जावचा. शिमग्याच्या आधीच्या रविवारी तू नावां वाच. तू कारभारी. तू वाचलंस तर कोण तुका उलट बोलाचो नाय."

गावाला जायचं म्हणजे काय, ते सगळ्यांना ठाऊक. भात चार महिन्यांचं, तोंडं आठ-आठ. एकदा मुंबईतली जागा सुटली की पुन्हा मिळेल ह्याची खात्री नाही. नऊ नावं वाचायची म्हणजे नऊ चुली विझवायच्या.

गुणाजी आशेने हेमचंद्राकडे वळला. हा रातपाळी करून सकाळी कॉलेजात जाणारा, अर्थशास्त्र शिकणारा, खोलीतला एकुलता एक शिकलेला माणूस. "तुझ्या पुस्तकात काय लिहिलंन असतला रे?"

"हेच लिहिलंय," हेमचंद्र म्हणाला. "पहिल्याच धड्यात. गरजा फार, साधनं थोडी, म्हणून माणसाला निवड करावी लागते. सगळं अर्थशास्त्र त्यातून निघतं."

"बरा. मगे कोणाक काढूचा, ता लिहिलाहा?"

"ते नाही लिहिलं."

"मग कसला रे तुझा शास्त्र!" गुणाजी असा ओरडला की खालच्या मजल्यावरून कोणीतरी "काय झालं?" म्हणून विचारलं.

पुढचे आठ दिवस त्याने एका कागदावर नावं लिहिली आणि खोडली. आधी तरुणांना पाठवावं असं मनात आलं. पण तरुणांतच वसंत होता, त्याच्या बायकोचा, मालनचा, धाकटा भाऊ. बावीस वर्षांचा, रातपाळीचा. नेमकं त्याच आठवड्यात मालनचं पत्र आलं. तिने लिहिलं होतं, 'वसंताक हय धाडू नकात. आईचा औषध त्याच्या पैशावर चलता. पण दुसऱ्याच्या पोराक धाडून माझ्या भावाक ठेवलात, तर ता पण माका सोसाचा नाय. काय करूचा ता तुमीच बघा.' गुणाजीने पत्र तीनदा वाचलं आणि कपाळाला हात लावला. बायको अशी, की मागते पण आणि देऊ पण देत नाही! त्याला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त अभिमान वाटला. कागद त्याने फाडून टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तो युनियनच्या कचेरीतून खोलीवर आला. दार सताड उघडं. आत नऊच्या नऊ जागा रिकाम्या, फरशी चकचकीत. आणि बाहेर गॅलरीत ते नऊ रातपाळीवाले कठड्याला टेकून, बसल्या बसल्या, तोंडं उघडी टाकून ढाराढूर झोपलेले! आत जागा पडलेली, बाहेर माणसं पडलेली. गुणाजी उंबऱ्यात उभा राहून एकदा आत बघे, एकदा बाहेर बघे.

"मेल्यांनो!" तो एकाएकी ओरडला. नऊ जण दचकून उठले. "आपण जागा मोजत बसलो रे! तास मोजलेच नाय!"

हेमचंद्राने डोळे चोळले आणि त्याच्या डोक्यात लगेच उजेड पडला. नऊ जागा, पण प्रत्येक जागेला तास चोवीस. गिरणी चालू असताना हे गणित आपोआप सुटत होतं म्हणून कोणी मांडलंच नव्हतं. जागा कमी पडली नव्हतीच. कमी पडली होती ती रातपाळी.

पण रातपाळी आणायची कुठून? गिरणीत परत जाणं म्हणजे संप फोडणं, ते मेलो तरी नाही. आणि कामाशिवाय दिवसा झोपा म्हटलं तर एकही जण झोपणार नाही.

ह्याच विचारात तो लालबागच्या बाजारात बांगडे बघायला गेला. बघायलाच, घ्यायला नव्हे. वरळी कोळीवाड्याची गुणवंती तिथे बसायची. कमरेला लुगडं घट्ट, तोंड त्याहून तिखट. त्या दिवशी ती एका हमालाला सोलून काढत होती. धक्क्यावरून पहाटे टोपल्या उचलताना गडी पेंगला आणि अर्धी टोपली पाण्यात गेली.

"तीन वाजले की साऱ्या मुंबईला जांभया!" ती गुणाजीकडे वळून म्हणाली, जणू तोच मुंबईचा मालक. "अरं, मासली थांबते का तुमच्या झोपेसाठी? जागा मानूस एक मिलेल तर शपथ!"

गुणाजीच्या हातातली रिकामी पिशवी खाली पडली. आठ दिवस तो जे दुखणं म्हणून बघत होता, ते ही बाई बाजारात शोधत होती.

"बाय," तो म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज हळू निघाला. "माझ्याकडे नऊ आहेत. रात्री झोपा म्हटलं तरी झोपत नाहीत."

गुणवंतीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "दारू पितात?"

"नाय."

"मंग तीन धाड. बघते."

तीन! आणि माणसं नऊ. खोलीत आल्यावर पुन्हा तीच निवड, फक्त लहान होऊन आलेली. वसंत आशेने समोर बसला होता. सगळ्यांत ताकदीचा, रात्रीचा सगळ्यांत जागता. पण गुणाजीने पहिलं नाव रघुचं घेतलं, कारण रघुच्या घरी तीन पोरं. मग आणखी दोन घेतली, तीही लेकुरवाळी. वसंत उठून गॅलरीत गेला आणि दोन दिवस भावोजींशी बोलला नाही.

पण एकदा वाट कळल्यावर गुणाजी बसणारा थोडाच! संप म्हणून दिवसाचं काम मागणारे हजारो, एका जागेला शंभर उभे. रात्रीच्या कामाकडे मात्र कोणी फिरकत नव्हतं. त्याने चपला झिजवल्या. दादरला पहाटे फुलांचे ट्रक उतरवायचे होते, तिथे दोघे चिकटवले. परळच्या एका इस्पितळात रात्रीचे वॉर्डबॉय टिकत नव्हते, तिथे दोघे. हेमचंद्राला वर्तमानपत्रांचे गठ्ठे बांधायला मिळाले. छापून आलेलं सगळं जग तो इतरांच्या आधी वाचू लागला आणि त्याचा तोरा आणखी वाढला. दिवसपाळीचे गडीही हळूहळू कुठे मसाला कांडायला, कुठे रंगारी म्हणून लागले.

आणि खोलीत काय झालं विचारा! सकाळी आठला धक्क्यावरून आलेला रघु, अंगाला मासळीचा वास, मोरीत दोन तांबे ओतून घेऊन वळकटी सोडायचा. दार उघडं टाकून! कांताबाई दारावरून गेल्या तर त्याने पडल्या पडल्या हाक मारली, "वैनी, जरा पोरांक गप करा. रातपाळी करून इलंय." त्या 'रातपाळी' शब्दावर त्याने जो जोर दिला, तो ऐकायला हवा होता. कांताबाईंनी खरोखर पोरांना गप्प केलं. वर दुपारी मुठीएवढी चटणी आणून ठेवली.

शिमग्याच्या आधीच्या शुक्रवारपर्यंत रातपाळीच्या आठ जणांची सोय लागली. राहिला एक वसंत. आणि काम शोधता शोधता स्वतःकडे बघायला वेळ न मिळालेला कारभारी.

त्याच संध्याकाळी भोईवाड्यातल्या बेकरीवाल्याने गुणाजीला बोलावून घेतलं. रात्री पीठ मळायला माणूस हवा होता, पक्का, नेमाचा. "दुसरा कोणी नको," तो म्हणाला. "गिरणगावात सगळे तुमचंच नाव घेतात. आज रात्रीपासून तुम्हीच या."

गुणाजी दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. भट्टीतून गरम पावाचा वास येत होता आणि त्याच्या पोटात सकाळपासून एक कप चहा होता. सात आठवडे हाताला काम नाही. घरी मालन, दोन पोरी. हो म्हटलं तर कोणी त्याला नावं ठेवली नसती. पण एक काम दोघांना देता येत नाही. ते घेतलं, तर वसंत एकटाच बिनकामाचा उरणार, आणि परवा एक जरी नाव वाचावं लागलं तर ते त्याचंच.

"माका रात्री डोळे उघडे ठेवूक जमाचे नाय, शेठ," तो म्हणाला. ते खोटं होतं. गेल्या महिनाभरात तो तरी कुठे झोपला होता? "पण एक पोरगो देतंय. माझ्याहून बरो."

वसंताला त्याने एवढंच सांगितलं की बेकरीत जागा आहे. बेकरीवाल्याने कोणाला बोलावलं होतं ते सांगितलं नाही. पण लालबाग-परळात बातमी लपते होय? शनिवारी सकाळी पिठाने पांढरा झालेला वसंत खोलीत आला तो सरळ गुणाजीच्या समोर बसला आणि ढसाढसा रडला. "भावोजी, तुमची जागा होती ती." गुणाजी म्हणाला, "गप बस मेल्या, पिठाचा चिखल होता हा." आणि स्वतःही डोळे पुसायला मोरीत गेला.

रविवारी दुपारी अठराही जण बसले. रातपाळीवाल्यांनी त्यासाठी झोप मोडली होती. नावं वाचायचा दिवस तो हाच. गुणाजीच्या हातात एक कागद होता, आणि तो बघून रघुच्या तोंडचं पाणी पळालं. वसंत खाली मान घालून बसला.

"नानांनी सांगितलंनी होता, नऊ नावां वाच," गुणाजी नेहमीच्या आवाजात म्हणाला, म्हणजे सगळ्या चाळीला ऐकू जाईल असा. "तर वाचतंय. गावाक जाणारो एकच आसा. गुणाजी धाकू घाडी."

अहो, काय गलका झाला! वसंत तर उठून उभा राहिला. "मी काम सोडतंय! आत्ताच्या आत्ता सोडतंय!"

"बस खाली!" गुणाजीने दम भरला. "आधी आयकून घ्या. देवाच्या पालखीचो डावो खांदो मुंबैकरांचो. ह्या शिमग्याक आपलो माणूस उभो रवलो नाय, तर मान दुसऱ्या वाडीक जातलो. तुमच्यापैकी कोणाक सुट्टी आसा? रघु, तुका धक्क्यावर आठ दिवस सोडतीत? हेमचंद्रा, तुका? नाय ना! सगळे कामावाले झालात, मेल्यांनो! अख्ख्या खोलीत मोकळो माणूस एकच उरलो. आठ दिवसांनी परत येतलंय. बाकी नावां नायत. कागद कोरो आसा, बघा."

त्याने कागद उलटसुलट करून दाखवला. मग रघुने अशी आरोळी ठोकली की त्यापुढे गुणाजीचा आवाज फिका पडला. हेमचंद्र नाचला, वसंताने भावोजींना कमरेला धरून वर उचललं, आणि कांताबाई दारात येऊन "काय, संप जिंकलात की काय?" म्हणून विचारू लागल्या.

संप काही जिंकला नाही. तो कधी संपला हेसुद्धा कोणाला नीट सांगता येत नाही. गिरणीने त्यांच्यातल्या चौघांना परत घेतलं, बाकीच्यांना नाही. गुणाजीला नाही. गावाहून आल्यावर गुणवंतीने त्याला धक्क्यावर गड्यांचा मुकादम केलं, आणि दोन्ही पोरींची लग्नं त्याने त्याच कमाईवर केली. खोली मात्र मंडळाचीच राहिली, आणि नाव वाचून तिथून कोणाला कधीच गावी पाठवलं नाही.

ते सगळं पुढचं. त्या रविवारी संध्याकाळी तो पिशवी घेऊन एस्टीला निघाला, तेव्हा खोलीत साधा हिशेब होता. दाराशी एक जागा आठ रात्री मोकळी. दोघे-तिघे मनातल्या मनात पाय पसरत होतेच. पंधरा इंचांत महिना काढलेली माणसं ती, त्यांना दोष कसा द्यावा?

तेवढ्यात नाना उठले. नऊ जणांना गावाला धाडा म्हणणारे तेच नाना! त्यांनी गुणाजीची वळकटी भिंतीवरून काढली, दाराशी नीट पसरली, उशीच्या जागी त्याचं घडी केलेलं धोतर ठेवलं आणि सगळ्यांकडे वळून म्हणाले, "हय कोण निजलो तर माझ्याशी गाठ आसा. ही जागा भरलेली आसा."

त्या अख्ख्या गिरणगावात त्या दिवसांत वीतभर जमीन कुठे फुकट पडलेली नव्हती. त्या खोलीत मात्र आठ दिवस आणि आठ रात्री अडीच फूट जागा तशीच पसरलेली राहिली, दिवसा रातपाळीचे नऊ जण आठ जागांत दाटीने झोपले, आणि उरलेल्या सतरांपैकी कोणी तिच्यावर हातसुद्धा टेकवला नाही.